रोध : निरंक

रुग्णालयाच्या धुलाईखान्यातलं दोन नंबरचं मशीन माझ्या आईला चार महिन्यांपासून करंट मारत होतं. ही गोष्ट कार्यालयाने कधीच नाकारली नाही. कार्यालयाचं म्हणणं एवढंच होतं की ती मोजलेली नाही. न मोजलेली गोष्ट फाइलीत बसत नाही, आणि फाइलीत न बसणारी गोष्ट आईला लागलीच कशी, हा म्हणे स्वतंत्र चौकशीचा विषय आहे.

आई तिथे चादरी धुते, सकाळी सात ते दुपारी तीन. रुग्णालयात तिला सगळे मावशी म्हणतात. मशीन म्हणजे पाण्याच्या टाकीएवढा स्टीलचा डबा, पोटात फिरणारा ड्रम आणि समोर गोल काचेचं दार. दाराच्या मुठीला हात लावला की सुरुवातीला नुसत्या मुंग्या यायच्या. मग कोपरापर्यंत झिणझिण्या. चौथ्या महिन्यात झटका खांद्यापर्यंत चढला, आणि डाव्या हाताची दोन बोटं दिवसभर बधिर राहायला लागली. आईने त्यावर आपला आपणच इलाज काढला होता. पायात रबरी चप्पल, चपलेखाली लाकडी फळी, आणि मूठ धरायला कोरड्या चादरीचं टोक. एवढा बंदोबस्त करून ती रोज अडीचशे चादरी काढायची आणि घरी आली की तिच्या हातून पेला सुटायचा. पेला फुटला की म्हणायची, "जाऊ दे, जुना होता." चार महिन्यांत आमच्या घरातले सगळेच पेले जुने झाले.

मी तिचा डबा घेऊन जायचे. एक दिवस मीच तिला ओढत अधीक्षकांच्या केबिनमध्ये नेलं. रुग्णालयात त्यांना मोठे साहेब म्हणतात.

"किती लागतो?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"चांगला लागतो, साहेब."

"चांगला लागतो, मग तक्रार कसली?"

"तसा चांगला नव्हे. जोरात लागतो."

"जोरात म्हणजे किती? मावशी, मला आकडा द्या. आज तुम्ही म्हणता करंट लागतो, उद्या म्हणाल मन लागत नाही. कार्यालयाने कशाकशाला पुरं पडायचं?"

मी म्हणाले, "साहेब, तुम्हीच एकदा हात लावून बघा ना."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना चादरी धुवायला सांगितल्या.

आता दाजींबद्दल सांगायला हवं. रुग्णालयाचा वायरमन म्हणजे आमचे दाजी, माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. माणूस कामाला हुशार, पण कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी त्यांची नेमणूक संपते आणि मोठ्या साहेबांच्या मर्जीने पुन्हा सुरू होते. त्यामुळे अकरा महिने ते 'हो' म्हणतात आणि बाराव्या महिन्यात 'हो साहेब' म्हणतात.

दाजींनी मशीनच्या अंगाला टेस्टर टेकवला. टेस्टर टमाटरासारखा लाल झाला.

"आत कुठेतरी वायर सोललीय," दाजी म्हणाले. "ती शोधायला अख्खं मशीन खोलावं लागेल. पण खरी भानगड ती नाही. अर्थ गेलाय. अर्थ धड असता तर हा करंट गपचूप तारेतून जमिनीत गेला असता. आता त्याला जायला वाटच नाही. आई हात लावतात, मग तो त्यांच्यातून जातो."

"म्हणजे मी वाट का?" आई म्हणाली. "जावईबापू, मुलगी दिली तेव्हा हे ठरलं नव्हतं."

अर्ज मी लिहिला. साधं वाक्य लिहिलं: 'मशीन क्रमांक दोनला अर्थ नाही.' अर्ज सरळ अर्थशाखेत गेला. एकवीस दिवसांनी उत्तर आलं: 'सदर मशीनच्या अर्थाबाबत या शाखेत तरतूद आढळून येत नाही. तथापि, अर्थ नसताना मशीन वापरात कसे आले, याचा खुलासा अर्जदाराने सात दिवसांत सादर करावा.' म्हणजे झटका खायचा आईने आणि खुलासाही आईनेच करायचा. दुसऱ्या अर्जात मी 'अर्थिंग' लिहिलं. तो परत आला, कारण कार्यालयाच्या भाषेत त्याला भूसंपर्कन म्हणतात. तिसऱ्यात भूसंपर्कन लिहिलं, तर आवक-जावकवाल्याने 'भू' बघून तो जमीनमोजणीच्या टपालात टाकला. तिथून मी तो हाताने उचलून आणला आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी शेरा मारला: 'रोध मोजून घ्यावा.'

रोध म्हणजे जमिनीत शिरताना करंटला होणारा अडथळा. जितका कमी तितकं बरं. नियमात तो पाचाच्या आत लागतो. एवढं मला दाजींनी एका वाक्यात सांगितलं. कार्यालयाला ते समजायला सव्वा महिना लागला, कारण तिथे शिकलेली माणसं आहेत.

मोजायला आले ते मापन अधिकारी. कमरेला पिवळं क्लॅम्प मीटर लटकवलेलं, पिस्तूल लटकवावं तसं. सगळे त्यांना क्लॅम्पसाहेबच म्हणतात. हे मीटर म्हणजे एक चिमटा असतो. त्याचा जबडा उघडायचा, तारेला चावा घ्यायला लावायचा, पडद्यावर आकडा येतो. पूर्वी याच कामाला अर्धा दिवस जायचा. लांब दोन खुंट्या ठोका, तारा ओढा, मशीन बंद ठेवा, उन्हात उभे राहा. दाजी या नव्या मीटरला खेकडा म्हणायचे, पण हळूच.

धुलाईखान्याच्या मागे भिंतीला लागून प्रत्येक मशीनचा एकेक अर्थिंगचा खड्डा आहे. खड्ड्यात सळई पुरलेली असते, मशीनची तार भिंतीवरून उतरून तिला जोडलेली असते. दोन नंबरच्या खड्ड्याचं लोखंडी झाकण गंजून बसलं होतं.

"पहार आणू का, साहेब? झाकण उघडतो," दाजी म्हणाले.

"कशाला? उघडायला लागत नाही, हेच तर तंत्रज्ञान आहे."

क्लॅम्पसाहेबांनी भिंतीवरच्या तारेला खेकडा लावला. पडद्यावर दोन अक्षरं आली: OL.

"शून्य," क्लॅम्पसाहेब म्हणाले.

दाजी वाकून बघायला लागले. "साहेब, पुढे एल आहे."

"शून्य एल."

"एल म्हणजे?"

क्लॅम्पसाहेबांनी क्षणभर आभाळाकडे बघितलं. "लो. एक तर शून्य, त्यात पुन्हा लो. म्हणजे शून्यापेक्षाही कमी! वीस वर्षांच्या नोकरीत असं वाचन मी पाहिलं नाही."

मग एक नंबरच्या मशीनच्या तारेला खेकडा लावला. त्या मशीनने जन्मात कुणाला करंट मारलेला नव्हता. तिथे आला तीन पॉइंट आठ. "पास," क्लॅम्पसाहेब म्हणाले, "पण सुधारणेस वाव आहे." नोंदवहीत त्यांनी लिहिलं, 'मशीन क्रमांक दोन – रोध निरंक.' कागदावर शून्याला शून्य म्हणत नाहीत, निरंक म्हणतात. त्याने शून्यालासुद्धा नोकरीत कायम झाल्यासारखं वाटतं.

साक्षीदार म्हणून दाजींची सही घेतली.

"केलीत सही?" आईने विचारलं.

"आई, ते पदवीधर आहेत."

"आणि मी तुमची सासू आहे."

दाजी खाली मान घालून टेस्टरशी खेळत राहिले. "नेमणूक दोन महिन्यांनी संपतेय, आई."

ताईला तेव्हा सातवा महिना होता. आई वळली, फळीवर चढली आणि चादरीचं टोक हाताला गुंडाळलं.

माझं डोकं मात्र फिरलं. क्लॅम्पसाहेब मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये चहा पीत होते आणि मीटरचा डबा बाहेर बाकावर होता. डब्यात माहितीपुस्तिका होती, प्लास्टिकसकट, कुणी नखसुद्धा न लावलेली. मी फोडली. इंग्रजी होती, पण आत चित्रं होती, आणि चित्रांवरूनही जे समजलं नाही ते मी दाजींच्या फोनवर एकेक शब्द शोधून काढलं. नवव्या पानावर होतं. OL म्हणजे मर्यादेबाहेर. म्हणजे मोजता येणार नाही इतका अडथळा. तार कुठेतरी तुटलीय, नाहीतर जमिनीपर्यंत पोचलेलीच नाही. बाराव्या पानावर आणखी एक गंमत होती. हा खेकडा एकट्या सळईला मोजूच शकत नाही. करंट एका सळईतून जमिनीत जाऊन दुसऱ्या सळईतून परत आला, तरच त्याला कळतं. एकटी सळई कितीही चांगली असो, तिथेही तो OL च म्हणणार.

मी पुस्तिका घेऊन केबिनमध्ये घुसले.

"साहेब, हे शून्य नाहीये. हे 'ओ' आहे. ओएल म्हणजे अर्थ अजिबात नाही."

क्लॅम्पसाहेबांनी कप खाली ठेवला. "किती शिकलीस?"

"नववी. अर्धी."

"मग तुला शून्य आणि ओ यांतला फरक कोण शिकवणार? तुझ्या वाट्याला एकच आलं असेल." साहेब दोघंही हसले.

"पण इथे छापलंय—"

"ही पुस्तिका मीटर बनवणाऱ्याची आहे, पोरी," मोठे साहेब समजुतीने म्हणाले. "कार्यालयाने ती स्वीकारलेली नाही."

इथपर्यंत सगळं साधं होतं. एक चूक, दोन ढ माणसं. पण चांगल्या आकड्याचं एक असतं, तो आला की त्याच्यासारखे आणखी हवेसे वाटतात. आठवड्याभरात आदेश निघाला: 'मशीन क्रमांक दोनचा आदर्श समोर ठेवून मशीन क्रमांक एकचा रोधही निरंक करण्यात यावा.' म्हणजे दोन नंबरमध्ये असं काय विशेष आहे ते बघणं आलं. दाजींनी पहार घालून झाकण उचललं. आत कोरडी माती, दोन चहाचे कागदी कप आणि हवेत लोंबकळणारं तारेचं टोक. सळई नव्हतीच. कुणीतरी केव्हाच उपसून भंगारात घातली असणार.

दाजी धावत केबिनमध्ये गेले. मी दारात होते.

"साहेब, दोन नंबरच्या खड्ड्यात सळईच नाही!"

मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सळई नाही?"

"नाही."

"आणि वाचन शून्य."

"हो, पण साहेब—"

"आणि एक नंबरला सळई आहे?"

"आहे की. चांगली आहे."

"आणि तिथे तीन पॉइंट आठ." साहेब खुर्चीत मागे टेकले. चेहऱ्यावर असा उजेड पडला की मला वाटलं यांनाच करंट लागला. "म्हणजे अडथळा सळईचाच आहे की हो! काढून टाका."

"साहेब, सळई म्हणजेच अर्थ—"

"तुमची नेमणूक कधी संपते?"

"हो साहेब," दाजी म्हणाले.

एक नंबरची सळई उपसली, खेकडा लावला, OL आला. टाळ्या वाजल्या. मग शस्त्रक्रियागृहाची, क्ष-किरणाची, लिफ्टची, रक्त साठवायच्या फ्रिजची, एकेक करत रुग्णालयातल्या चौदापैकी तेरा सळया निघाल्या. गंमत चौदावीला झाली. ती पाण्याच्या पंपाची. दाजी पहार घेऊन पोचायच्या आधीच क्लॅम्पसाहेबांनी सहज खेकडा लावला, तर सळई जागेवर असूनही OL! ती एकटीच उरली होती, करंट परत यायला दुसरी नव्हती. बाराव्या पानावर स्वच्छ छापलेलं होतं. पण क्लॅम्पसाहेबांनी खिशातून रुमाल काढला. "बाकीच्या तेराजणींचं बघून ही आपणहून सुधारली," ते म्हणाले. तरी तिलाही उपसलीच. नियम सगळ्यांना सारखा.

नोंदणीच्या खिडकीवर बोर्ड लागला: 'संपूर्ण निरंक-रोध रुग्णालय'. बाहेरून दुसऱ्या कार्यालयांची माणसं बघायला यायला लागली. धुलाईखान्यात यायची, रिकाम्या खड्ड्यांत वाकून बघायची आणि म्हणायची, "वा! काहीच नाही!"

आता आईला दोन्ही मशीनं मारायला लागली. पूर्वी एका मशीनवर हात शेकला की दुसऱ्यावर जरा निवायचा, ती सोयही गेली. एक दिवस तिच्या हाताला ओली चादर लागली आणि ती फळीवरून मागे फेकली गेली, डोकं नळाला आपटलं. चार टाके पडले. टाके घालायची खोली त्याच मजल्यावर असल्याने रुग्णालयाचा बराच वेळ वाचला. मी डोक्यात राख घालून केबिनमध्ये गेले, आणि आई डोक्याला पट्टी बांधून माझ्या मागे.

मोठे साहेब आणि क्लॅम्पसाहेब दोघंही होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन्ही मशीनांचा रोध निरंक आहे," क्लॅम्पसाहेब म्हणाले. "त्यामुळे दोष मशीनमध्ये असू शकत नाही. मग उरतं कोण?"

"मावशी," मोठे साहेब म्हणाले. "मावशींना मोजा."

मला वाटलं थट्टा करतायत. पण क्लॅम्पसाहेबांनी खेकड्याचा जबडा उघडला आणि आईच्या डाव्या मनगटात अडकवला. मनगट वाळलेलं, बरोबर मावलं. पडद्यावर आला OL. येणारच होता. आईच्या मनगटाऐवजी झाडूचा दांडा मोजला असता तरी तोच आला असता.

"निरंक!" मोठे साहेब उठून उभे राहिले. "मावशी, तुम्ही आजपर्यंत हे लपवून ठेवलंत?"

"साहेब, माझा याला विरोध आहे," आई म्हणाली.

"रोधच निरंक म्हटल्यावर विरोध कुठून येणार?" क्लॅम्पसाहेबांनी लिहिता लिहिता विचारलं.

तिसऱ्या दिवशी आदेश आला. मी तो आईला वाचून दाखवला. 'सदर कर्मचारी यांचा शरीररोध निरंक आढळून आल्याने त्यांना मशीन क्रमांक एक व दोनकरिता भूसंपर्कन (मानवी) म्हणून घोषित करण्यात येत आहे. कर्तव्यावर असताना त्यांनी रबरी पादत्राणे, लाकडी फळी व कोरडे कापड वापरू नये, कारण त्यायोगे त्यांच्या व जमिनीच्या संपर्कात बाधा येते. भूसंपर्कन उपस्थित नसताना मशीन चालू करणे नियमबाह्य राहील.'

फळी जप्त करायला कोण आलं असेल? दाजी.

"आई, जरा बाजूला होता का?" एवढंच म्हणाले.

आई उतरली. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली, चप्पल काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "हीपण न्या. नोंद करून घ्या. नाहीतर तुमच्यावर यायचं."

दाजी फळी बगलेत मारून गेले. गेले ते ताईच्या समोर. ताईला नववा लागला होता, पाय सुजलेले, तिने विचारलं ही फळी कसली? दाजींना खोटं बोलता येत नाही, फक्त सही करता येते. ताईने फळी घेतली, उंबऱ्यात आडवी टाकली आणि म्हणाली, "माझ्या आईच्या पायाखालची आहे. आता ओलांडून आत येऊन दाखवा." दाजी संध्याकाळभर पायरीवर बसून राहिले.

इकडे आईने आदेश दुसऱ्यांदा वाचायला लावला. "ते शेवटचं पुन्हा वाच गं. मी नसले तर मशीन लावायचं नाही, असंच आहे ना?"

"असंच आहे."

"मग लिही रजेचा अर्ज. कारण लिही, भूसंपर्कन नादुरुस्त."

मोठ्या साहेबांना अर्ज नामंजूर करता येईना. नादुरुस्त भूसंपर्कन वापरू नये, हा नियम त्यांनीच भिंतीवर लावला होता. धुलाईखाना बंद पडला. पहिल्या दिवशी अडीचशे चादरींचा ढीग, दुसऱ्या दिवशी पाचशे, तिसऱ्या दिवशी खोलीचं दार लागेना.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी दाजी आमच्याकडे आले. खांद्यावर दोन नव्या सळया, हातात घण. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोती धरायला येतेस का?" आम्ही गेलो. धुलाईखान्यामागे दोन्ही खड्ड्यांत दाजींनी सळया ठोकल्या, एकेक घाव असा घालत होते की समोर कुणाचं तरी डोकं आहे. भोवती मीठ आणि कोळसा भरला, वरून बादल्या ओतल्या, दोन्ही तारा घट्ट आवळल्या.

"दोन कशाला, दाजी? दोन नंबरचं काम आधी उरका ना."

"एकीला तो खेकडा ओळखणार नाही. तूच सांगितलंस ना, बाराव्या पानावर?"

रुग्णालयात कुणीतरी पुस्तिका स्वीकारली होती.

मशीन चालू केलं. टेस्टर पेटला नाही. दाजींनी ओला तळहात दारावर ठेवला, काही नाही. मग आईला बोलावून आणलं. तिने आधी एक बोट लावलं, मग पटकन मागे घेतलं, सवयीने. मग सगळा पंजा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गार आहे," ती म्हणाली. "हे गार असतं, मी विसरूनच गेले होते."

चौथ्या दिवशी क्लॅम्पसाहेब आले, कारण आई म्हणाली होती, मशीन असंच राहणार असेल तर मी उद्या हजर होते. खेकडा लावला. चार पॉइंट सहा.

क्लॅम्पसाहेबांचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला.

"नियमात आहे, साहेब," दाजी म्हणाले. "पाचाच्या आत."

"नियमात आहे हो. पण नोंदीत कसं बसवू? शून्यावरून चार पॉइंट सहा! एका आठवड्यात! तो बोर्ड उतरवावा लागेल." त्यांनी घाम पुसला. "कुणी केलं हे?"

"मी," दाजी म्हणाले. बारावा महिना चालू होता, तरी पुढे 'साहेब' लावलं नाही.

दाजींना नोटीस मिळाली, 'विनापरवाना रोध निर्माण केल्याबद्दल'. पण सळया उपसायला मोठे साहेब कचरले. बोर्ड ठेवला तर मावशी येणार नाहीत, मावशींना आणायचं तर बोर्ड जाणार. अशा वेळी कार्यालय जे करतं तेच केलं. निर्णय लोकांवर सोडला. पाचव्या दिवशी सकाळी नोंदणीच्या खिडकीसमोर टेबल मांडलं, त्यावर निवेदन आणि दोरीने बांधलेलं पेन. निवेदनात लिहिलं होतं: 'रुग्णांचे हाल लक्षात घेता धुलाईखाना तात्काळ पूर्वस्थितीत आणावा, नंतर बसवलेल्या सळया काढाव्यात आणि सदर मावशींना मशीनशी जोडावे.'

मी त्या टेबलाशेजारी दिवसभर उभी होते, हातात पुस्तिका, नववं पान उघडून. येईल त्याला सांगत होते. सळया राहू द्या म्हणा, एवढंच लिहा, आई उद्या सकाळी सातला हजर होईल, चादरी तुम्हाला तशाही मिळणार आहेत. काही लोक थांबले, काहींनी फोन कानाला लावला.

तुम्ही थांबलात. हे मी मान्य करते, तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. ओ आणि शून्य यांतला फरक तुम्हाला पहिल्या फटक्यात कळला, क्लॅम्पसाहेबांना कळला नाही तो. "वाईट आहे हो हे," म्हणालात. "तुझ्या आईला सांग काळजी घ्यायला." मग घड्याळ बघितलंत. "पण आमचा पेशंट चार दिवस नुसत्या रेक्झिनवर झोपलाय गं, पाठ सोलवटलीय त्याची. आता नवीन काही लिहीत बसलो तर पुन्हा आठ दिवस जातील." आणि पेन उचललंत.

संध्याकाळपर्यंत दोनशे बारा सह्या झाल्या. मी त्या सगळ्या वाचल्या. तुमची सतरावी आहे. छान आहे सही, वळणदार, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं.

जनभावनेचा आदर करून सळया त्याच दिवशी निघाल्या. दाजींच्या नोटिशीवर शेरा पडला, 'मावशी हजर झाल्याच्या तारखेपासून नेमणूक पुढे चालू.' ताईला आदल्या दिवशी दवाखान्यात घातलं होतं, त्याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर. आईने कागद हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. वाच म्हणाली नाही.

सकाळी सातला तिने चप्पल दाराबाहेर काढली, पदर खोचला आणि ओल्या फरशीवरून चालत दोन नंबरच्या मशीनपाशी गेली. मी बाहेरून बघत होते. तिने मूठ धरली. खांदा हलला. तिने सोडली नाही.

दहाच्या सुमाराला वॉर्डात चादरी आल्या. तुम्ही आपल्या माणसाला एका कुशीवर केलंत, चादर अंथरली, चारी कोपरे गादीखाली नीट खोचले, मधोमध हात फिरवून बघितला आणि त्याला म्हणालात, "बघ, अजून कोमट आहे."